लोळण सर आणि बाकावरची बाई

पत्र थोडक्यात असं आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय, वय ४१. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला जोडून चार घरं मिळून १४ जण गुलमर्गला गेले, दोन दिवस स्कीइंग केलं. येताना झेलम एक्स्प्रेसमध्ये वेळ जाईना म्हणून ताईंनी मोबाईलवर 'बर्फावर भेटणारे सात नमुने' असं एक गमतीचं लिहिलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. नावं नव्हती, पण कोण कोण ते सगळ्यांना कळलं आणि सगळे हसले, जेठांनी पण हसून डोळ्यातून पाणी येणारे दोन चेहरे टाकले. त्यातला एक नमुना म्हणजे 'लोळण सर', यूट्यूब बघून तयारी करून आलेले, स्वतः २३ वेळा पडले आणि पडल्या जागेवरून बाकीच्यांना शिकवत राहिले. जेठ जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मग कुणीतरी ते पुढे पाठवलं, फिरत फिरत अकरावीच्या पोरांच्या ग्रुपवर गेलं, आणि एका सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'लोळण सर'. तेव्हापासून जेठ ग्रुपमधून बाहेर, ताईंशी बोलणं बंद, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायला पण गावी आले नाहीत. जाऊबाई म्हणतात सगळ्यांसमोर माफी माग. नवरा म्हणतो दादाला विनोदच कळत नाही, माफी कशाची. आणि घरात आता पुढच्या जानेवारीत परत जायचं चाललंय, ह्या वेळी सात दिवसांचा कोर्सच करायचा म्हणून. ताई विचारतात, "मी खरं तेच लिहिलं ना? माफी मागायची का? पोस्ट काढू का? आणि त्यांच्यासोबत परत जाऊ की घरीच बसू?"

ताई, आधी माझी कबुली. पत्राखाली तुम्ही तो मूळ लेख पण चिकटवलाय, तो मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकटीच हसले, त्यामुळे मी काही न्यायाधीशासारखी वर बसून बोलणार नाहीये. ते सामानवाले पाहुणे, म्हणजे तुमच्या नणंदेचे मिस्टर, हेल्मेट, त्याच्यावर कॅमेरा, दोन प्रकारचे गॉगल, महिनाभर आधी ऑनलाइन मागवलेलं सगळं, जॅकेटचं लेबल मानेमागे लटकतंय कारण वापरून झालं की रिटर्न करायचंय, आणि हा सगळा साज चढेपर्यंत दुपारचे दोन वाजले, हे इतकं बारीक टिपलंय तुम्ही की तो माणूस मला समोर दिसला. रीलवाली पुतणी जी दोन दिवसात तीन फूट पुढे सरकली नाही पण रीलमध्ये पर्वत उतरून आल्यासारखी गॉगल काढते. "आमच्या स्वित्झर्लंडला असं नसतं" वाले पुण्याचे काका, जे तिकडे एकूण चार दिवस होते. मॅगीवाले मामा, बर्फ काय पळून जातोय का म्हणत टपरीवरून न उठलेले. बिनब्रेकचा मामेभाऊ, ज्याचं थांबायचं कसं हे विचारायचंच राहून गेलं आणि जो थेट स्लेजवाल्यांच्या घोळक्यात जाऊन थांबला. आणि तो तिथलाच सहा वर्षांचा पोरगा, हातात काठ्या नाहीत, नाक वाहतंय, आणि तुमच्या १४ जणांच्या मधून सूं करून गेला. (एक मात्र नाही आवडलं. इन्स्ट्रक्टर भाऊंच्या "घुटना मोडो" ची जी नक्कल केलीय ती. १४ माणसांना दोन दिवस बर्फातून उचलून उभं करणारा तो एकटा होता.)

बरं, हे नमुने काही फक्त बर्फावरच उगवतात असं नाही. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तिथे बघा. एक जण बामणोदची वांगी मी आणली, मी आणली हे शेवटच्या घासापर्यंत सांगत असतो. एक जण कपाशीच्या काड्या पेटल्या की वीस फुटांवर खुर्ची टाकतो आणि तिथून "काय भो, फिरवा ना, एका बाजूने जळू राहिलं" म्हणून हुकूम सोडतो. एक जण बडगीत वांगी ठेचतानाचा फोटो काढून घेतो आणि फोटो झाला की उठतो. आणि दोन-चार जण कळण्याच्या भाकरी झाल्यावरच उगवतात, रस्ता सापडत नव्हता म्हणून. हेच सगळे लोक तुम्ही गुलमर्गला नेले, वर जॅकेट घातलं, झालं.

पण फरक आहे, आणि माझ्या मते तुमचा सगळा घोळ त्या फरकात आहे. भरीत पार्टीतल्या माणसाला आपण वीस वर्षं बघतोय. त्याला खुर्चीवाला म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही, कारण पुढच्या रविवारी त्याच्या शेतात तोच भाजायला बसणार असतो आणि खुर्चीवर आपण. बर्फावर तुम्ही जेठांना पाहिलं ते फार तर सात-आठ तास, तेही अशा गोष्टीत जी त्यांनी जन्मात केली नव्हती. तेवढ्यावरून नाव पडलं आणि ते नाव २५ वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जाऊन चिकटलं. तुम्ही विचारता मी खरं तेच लिहिलं ना. खरंच लिहिलं, २३ वेळा पडले ते पडलेच. पण ताई, तुम्ही पडणं मोजलंत, उठणं पण तेवढंच झालं असणार ना, नाहीतर तुमचे जेठ अजून गुलमर्गलाच असते.

आणि ते का पडत होते हे जरा समजून घ्या, कारण ते आळशी किंवा बावळट म्हणून नव्हते पडत. उतार दिसला की घाबरलेलं अंग मागे झुकतं. आपण पावसात ओल्या बांधावरून उतरतो तेव्हा मागेच झुकतो, आयुष्यभराची सवय ती. स्कीवर हीच सवय घात करते, वजन टाचांवर गेलं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, आणि वळवायचा, आवरायचा कारभार त्या पुढच्या भागावर असतो, मग स्की सुसाट आणि माणूस बुडावर. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची, म्हणजे ज्या दरीची भीती वाटते तिच्याकडेच झुकायचं. घर्षण, गुरुत्वमध्य, उताराचा कोन, हे सगळं तुमच्या जेठांना पाठ असणार, वर्गात चित्र काढून शिकवतात ते, पण ते ज्ञान डोक्यात असतं आणि घाबरतात मांड्या. मग पडल्यावर उठणं हे आणखी वेगळं प्रकरण. स्कीची टोकं उताराकडे तोंड करून असली की अर्धवट उठलं की परत घसरलं. दोन्ही स्की आधी अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या, उताराला आडव्या लावायच्या, आणि मग डोंगराकडच्या हाताने रेटा देऊन उठायचं. पायात दगडासारखे बूट, त्याला माणसाएवढ्या पट्ट्या, पन्नाशीची कंबर, आणि बाजूला भावजय मोजतेय. आता कळलं ना पडल्या पडल्या बडबड का करत होते? मला तर वाटतं शिकवायची सवय होतीच, पण तोंड चालू ठेवलं की लाज कमी वाटते हे पण असेल.

त्या सहा वर्षांच्या पोराचं कौतुक करताना पण हे ध्यानात ठेवा की त्याचं आणि जमिनीचं अंतर दीड हात, वजन सगळं खाली, आणि पडलं तर गुडघ्याच्या ऑपरेशनला किती लागतील हा हिशोब त्याच्या डोक्यात नाही. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, की लागला ब्रेक, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. आणि अगदी मुरलेले पण पडतात हो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारतातून एकटा आरिफ खान गेला होता, गुलमर्गच्या त्याच उतारांवर शिकलेला, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे झेंड्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला आणि स्लॅलमची रेस त्याला पुरी करता आली नाही. जगासमोर. आणि तुमचे जेठ तर चुलतसासऱ्यांकडून घेतलेल्या कानटोपीवर होते.

आता नवऱ्याचं म्हणणं, दादाला विनोदच कळत नाही. हे तुमच्याच पत्रात खोटं ठरतंय. ग्रुपवर आलं तेव्हा जेठ हसले होते. दोन चेहरे टाकले होते. म्हणजे विनोद कळला, आवडला पण असेल. दुखलं ते फळ्यावर दिसलं तेव्हा. शब्द तेच होते, वाचणारे बदलले. हे मला अंगावर घेऊन माहितीय. उत्तराखंडात जोशीमठची जमीन खचायला लागली आणि औलीचा रोपवे बंद झाला २०२३ च्या जानेवारीत, त्याच्या पुष्कळ आधी आम्ही भावंडं औलीला गेलो होतो. तिथे माझा मोठा भाऊ स्कीवर उलटा, म्हणजे पाठमोरा, साठ-सत्तर फूट घसरत गेला, तोंडाने "धरा रे, धरा" चालू. ही गोष्ट मी पुढे अकरा वर्षं प्रत्येक लग्नात सांगितली, आवाज काढून, हात पसरून, आणि दर वेळी सगळ्यात जास्त तोच हसायचा. मग त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला पंगतीत तिच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर मी तीच गोष्ट काढली. सगळे हसले. भावाने पापड मोडला आणि खाल्ला नाही, ताटात तसाच ठेवला. बोलला काहीच नाही, आजपर्यंत नाही बोलला, पण तो मोडलेला पापड मला अजून दिसतो.

इंटरनॅशनल स्की अँड स्नोबोर्ड फेडरेशनचे उतारावर वागायचे दहा नियम आहेत, त्यात एक असा की मागून म्हणजे वरून येणाऱ्याने आपली वाट अशी धरायची की पुढे खाली असलेल्याला धोका होणार नाही. खालच्याने पाठीमागे बघत बसायचं नसतं, बिचाऱ्याला दिसतच नाही. तुमच्या मामेभावाने स्लेजवाल्यांना धडक दिली तेव्हा "ते मधे आले" हे कारण चालत नाही ते ह्यामुळे. आता सांगा, त्या दोन दिवसात वरच्या बाजूला कोण होतं? जेठ पाठ करून पडलेले होते. बघत, मोजत, लिहीत तुम्ही होतात.

इथे मला तुमची ताजा कलम काढायची आहे. पत्र संपल्यावर खाली बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय की "मी स्वतः अर्धा तासच स्की घातले, बूट चावले म्हणून काढून टाकले, मग बाकावर बसून सगळ्यांचे फोटो काढले." ताई, सात नमुन्यांत हा नाहीये! गुलमर्गला रोज असे शंभर बसलेले असतात, हातात कहवा, पायात आपले घरचे बूट, आणि प्रत्येक पडणाऱ्याला मनातल्या मनात मार्क. बाकावरची बाई. मी पण तीच आहे, औलीला दुसऱ्या दिवशी मी उतारावर गेलेच नाही, गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं, दुखत नव्हता. तुमच्या लेखात जेठ बोचले त्याचं हे पण एक कारण असेल असं मला वाटतं, की जो माणूस २३ वेळा पडला त्याच्यावर, जी बाई एकदाही पडली नाही कारण ती उतारावरच नव्हती, तिने लिहिलं. पहिला किंवा आठवा नमुना तुम्ही स्वतः असता ना, तर अख्ख्या लेखाची चव वेगळी झाली असती.

मग माफी मागायची का? मागायची. पण जाऊबाई म्हणतात तशी सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर माफी म्हणजे परत सगळ्यांसमोर लोळण सरांची आठवण, जे ग्रुपवर नव्हते त्यांना पण कळेल, आणि जेठांना वर "जाऊ द्या हो, त्यात काय" म्हणून मोठेपणाचं नाटक करावं लागेल. एकट्याने जा, नवऱ्याला पण नेऊ नका कारण तो तिथे बसून "दादा तू पण ना" म्हणणार. घरी जा, फोन नको. आमच्या आजीच्या काळी जेठासमोर पदर कपाळाच्या वर जात नव्हता आणि आता भावजय जेठाच्या लोळण्याचं वर्णन झेलममध्ये बसून टाईप करते, मला विचाराल तर ही प्रगतीच आहे, पण मग समोर बसून बोलायची पण तेवढी हिंमत पाहिजे ना. आणि "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे असलं काही बोलू नका, त्यात वाईट वाटणं हा त्यांचाच दोष होतो. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, की मी तुमच्या पेशाचं नाव त्यात घातलं, आणि ते घराबाहेर जाईल ह्याचा विचार केला नाही. घरात अहिराणी बोलत असाल तर तसंच बोला, "दादा, मनं चुकनं", खालची पट्टी आपोआप लागते. त्यावर ते चिडले तर ऐकून घ्या, गप्प बसले तर तुम्ही पण बसा, चहा घ्या, निघा. एका भेटीत होईल असं धरू नका.

पेशाचं म्हटलं ते जरा नीट सांगते, कारण असं घरच्यांवर गमतीने लिहिणाऱ्या बाकीच्यांना पण उपयोगी पडेल. तुमच्या दोन शब्दांतला 'लोळण' निरुपद्रवी होता. घात केला तो 'सर' ने. 'लोळण काका' लिहिलं असतं तर ते अकरावीच्या ग्रुपवर जाऊन पण कुणाला कुणाचं ते कळलं नसतं. माणूस जिथे भाकरी कमावतो तिथलं नाव, त्याचं दुखणं, त्याचा रंग-वजन, आणि ज्याची त्याला आधीच लाज वाटते ती गोष्ट, एवढं सोडून लिहा, लिहायला पुष्कळ उरतं हो. सामानवाल्यांच्या लटकत्या लेबलवर ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतील आता.

पोस्ट काढायची का? आता काही उपयोग नाही. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत दोन-अडीच दिवसांची असते आणि फॉरवर्ड झालेलं तर तुमच्या हातातच नाही. जो कोणी पहिला पुढे पाठवणारा आहे, आणि मला वाटतं तुम्हाला माहितीय तो कोण ते, पत्रात दोनदा "आमचा पुतण्या निष्पाप आहे" असं आलंय, त्याला मात्र कान धरून सांगा की घरचं घरात. त्याला जेठांकडे माफी मागायला पाठवायचं की नाही ते जेठांशी बोलल्यावर ठरवा.

कॉलेजातल्या पोरांचं तुम्ही काही करू नका. तिथे जाऊन समजावणं, प्राचार्यांना भेटणं, हे मनात पण आणू नका. अकरावीची पोरं बारावीत जातील, नवीन सापडेल काहीतरी. खरं तर उताराचा कोन आणि घर्षण शिकवताना "आता ज्याला तुम्ही लोळण सर म्हणता तो सांगतो" असं जर सरांनी एकदा म्हटलं ना तर तो वर्ग जन्मभर ते विसरणार नाही. पण हे तुम्ही सुचवायचं नाही बरं का. अजिबात नाही. त्यांना सुचलं तर सुचलं.

आणि लोळण सरांचं कौतुक करणारा भाग दोन वगैरे लिहू नका. एवढं गोड वाचून माणूस जास्त ओशाळतो.

आता जायचं की नाही. जा. बाकावर बसायला मात्र जाऊ नका. तुमचे बूट का चावले ते मला तुमच्या फोटोवरूनच कळलं, थंडी वाजू नये म्हणून तुम्ही दोन जोड मोजे घातलेत आणि इनरची पट्टी बुटाच्या आत खोचलीय. सगळे पहिल्यांदा हेच करतात. स्कीच्या बुटात एकच मोजा, लांब, गुडघ्याखालपर्यंत, आणि आत दुसरं काही नाही, एक चुणी पण नाही, कारण बुटाचं कवच प्लास्टिकचं असतं, ते ढिलं होत नाही, जिथे चुणी तिथे अर्ध्या तासात आग. बूट घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे पाय मागे बसतो, मग गुडघा पुढे वाकवून बकल लावायचे. ताठ उभं राहिलं तर बोटं पुढे टेकतात, गुडघा वाकवला की मागे सरकतात, तसं झालं तर माप बरोबर आहे, मोठं मागू नका. भाड्याच्या दुकानात दहा मिनिटं जास्त घालवा आणि बदलून मागायला लाजू नका, रांगेतले ओरडू देत. आणि तिथे वजन विचारतील ते खरं सांगा! पडल्यावर स्की बुटापासून सुटली पाहिजे, ती किती जोराला सुटेल हे वजन, उंची, वय बघून लावतात, तिथे आठ किलो कमी सांगितले तर चालता चालता स्की निघेल आणि जास्त सांगितले तर निघायला पाहिजे तेव्हा निघणार नाही, मग गुडघा. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त गुडघेच जातात. पडताना काठी घट्ट धरून ठेवू नका, अंगठा पिरगळतो, त्या दुखण्याला डॉक्टरांकडे स्कीअर्स थंब असं नावच आहे.

आपल्या भागातून जाणाऱ्यांच्या दोन खास चुका मी नेहमी बघते. एक, कापूस. आपला सगळा संसार कपाशीवर, म्हणून आत कॉटनची बनियन, कॉटनचा टीशर्ट. कापूस घाम पितो आणि तिथे वाळत नाही, मग तोच ओला कपडा अंगाला चिकटून गारठवतो. आतलं लोकरीचं किंवा सिंथेटिक घ्या. दुसरी, "जळगावचं पंचेचाळीस सोसलंय आम्ही, आम्हाला कसली सनस्क्रीन." गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, आपली कळसूबाई १,६४६, म्हणजे तिच्याही हजार मीटर वर. जेवढं उंच तेवढे अतिनील किरण जास्त, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. ऊन खालून लागतं. नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीच्या खाली सोलवटतं. तुमच्या लेखात मॅगीवाल्या मामांचं नाक परतताना लाल गाजरासारखं झालं असं आहे ना, ते थंडीने नव्हे.

कोर्सचा विचार मात्र एकदम चांगला. दोन दिवसात कोणीच काही शिकत नाही, सगळे नमुनेच होतात. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, चौकशी दिवाळीच्या आत करा. तोपर्यंत रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं, खुर्चीशिवाय, अर्धा मिनिट, मग वाढवत न्या. मांड्या तयार नसतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस मॅगीवाला होतोच. गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवटला चार हजार मीटरच्या जवळ जातो, तिथून नुसतं बघून गोंडोल्यानेच खाली या, मामेभावाचं तिकीट तर काढूच नका.

जेठ येतील का? मला वाटतं येतील, कारण पहिला दिवस संपल्यावर स्की जमा करायला सगळ्यात शेवटी तेच आले होते आणि अंधार पडेपर्यंत त्या छोट्या उतारावर एकटेच चढ-उतर करत होते, हे तुम्हीच लिहिलंय, लेखात नाही, पत्रात. लेखात ते आलंच नाही. जळगावला गेलात की हे त्यांना सांगा. आणि जाताना सांजोऱ्या न्या, आखाजीच्या त्यांच्या वाटच्या राहिल्याच असतील.